फ्रीमेसनांचं लॉज: महिन्याची एक सभा आणि मधले दिवस

फ्रीमेसन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गुप्त खुणा, कवट्या, मेणबत्त्या आणि बंद खोलीत बसून जगाचे निर्णय घेणारी मूठभर माणसं येतात. या बंधुसंस्थेच्या एखाद्या लॉजच्या, म्हणजे स्थानिक गटाच्या, सेक्रेटरीच्या डोक्यात मात्र सभेच्या आठवडाभर आधी वेगळंच चालू असतं. दाराबाहेर बसणारा टायलर आजारी आहे, त्याच्या जागी कोणाला बसवायचं? ज्याची वर्गणी थकली आहे त्याला पुन्हा पत्र धाडायचं की सरळ फोन करायचा? आणि जेवायला नक्की किती माणसं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण येतो म्हणणारे येत नाहीत आणि काहीच न कळवणारे सोबत पाहुणा घेऊन हजर होतात.

या संस्थेवर जे ढीगभर लिहिलं गेलंय त्यातलं बरंचसं तिच्या गुपितांबद्दल आहे. माझं मत असं, की लॉज समजून घ्यायचं तर गुपितं जरा बाजूला ठेवावीत आणि त्याचं वेळापत्रक बघावं. ठरलेला वार, पाठ केलेली वाक्यं, सभेनंतरचं जेवण, आणि अमका का आला नाही याची चौकशी. एवढ्या चार गोष्टींवर ही मंडळी तीनशे वर्षं टिकून आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रीमेसनरी आपलं नातं मध्ययुगातल्या दगडकाम करणाऱ्या कारागिरांशी सांगते. ते नातं किती थेट, यावर इतिहासकार अजून भांडतात. संस्थेच्या स्वतःच्या परंपरेनुसार २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या 'गूज अँड ग्रिडायरन' नावाच्या एका मद्यगृहात चार लॉजेस एकत्र आली आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजेसची वरची संस्था, उभं राहिलं. १७२३ मध्ये जेम्स अँडरसन या पाद्र्याने लिहिलेलं नियमांचं पुस्तक छापलं गेलं. तोपर्यंत प्रत्यक्ष दगड घडवणारे मागे पडले होते आणि खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, व्यापारी, उमराव बसले होते. गवंड्याची हत्यारं तेवढी राहिली, प्रतीकं म्हणून: गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ, छिन्नी आणि हातोडा.

लॉज म्हणजे इमारत नव्हे, माणसांचा गट. एकाच सभागृहात वेगवेगळ्या वारी पाचदहा लॉजेस भरू शकतात. प्रत्येकाचं नाव वेगळं, क्रमांक वेगळा, वह्या वेगळ्या, आणि रुसवेफुगवेही वेगळे. प्रत्येक लॉजला त्याच्या ग्रँड लॉजने दिलेला परवाना असतो, त्याला वॉरंट किंवा चार्टर म्हणतात. सभेच्या वेळी तो खोलीत हजर असायला लागतो. कपाटाची किल्ली घरी राहिली तर सभा अडते. ग्रँड लॉजेस साधारण देशागणिक किंवा राज्यागणिक असतात. भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ सालचं. या सगळ्यांच्या वर बसलेला असा जगाचा कोणी प्रमुख नाही, आणि 'जागतिक कटा'च्या कहाण्या इथेच पहिल्यांदा लंगड्या पडतात. कोणाला मान्यता द्यायची आणि कोणाला नाही, यावरून ही ग्रँड लॉजेस आपापसांतच वर्षानुवर्षं अबोला धरून असतात.

ठरलेला वार

लॉजच्या पोटनियमांतच सभेचा दिवस लिहिलेला असतो, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत बहुतेक लॉजेस दरमहा भरतात. इंग्लंडमध्ये अनेक लॉजेसच्या मुख्य सभा वर्षातून पाचसहाच असतात, पण मधल्या तालमी आणि समितीच्या बैठका धरल्या तर तिथल्या सभासदाचीही महिन्यातली एकदोन संध्याकाळ जातेच. जुन्या काळी काही लॉजेस पौर्णिमेच्या आसपास भरायची. त्यात गूढ काही नव्हतं. रस्त्यावर दिवे नसायचे आणि घोड्यावरून रात्री घरी परतायला चांदणं हवं असायचं. त्यांना 'मून लॉज' म्हणत, आणि त्यांतली काही आजही चंद्राच्या हिशेबानेच भरतात.

सभेच्या आधी सेक्रेटरी सगळ्यांना कार्यक्रमपत्रिका पाठवतो. तिला 'समन्स' म्हणतात. नाव कोर्टाचं वाटलं तरी आत मजकूर अगदी साधा असतो: लॉज उघडणे, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, अमुक अर्जदारावर मतदान, अमुक ब्रदरला (सभासदाला) सभासदत्वाची दुसरी पायरी देणे, लॉज बंद करणे. गृहनिर्माण संस्थेच्या सभेला बसलेल्या माणसाला यातला निम्मा कागद ओळखीचा वाटेल.

संध्याकाळी माणसं येतात, गडद सूट घातलेली, हातात चपटी पेटी. पेटीत एप्रन आणि पांढरे हातमोजे. नव्या सभासदाचा एप्रन कोऱ्या पांढऱ्या कातड्याचा असतो. तिसरी पायरी पार केली की इंग्लिश पद्धतीत त्याला फिकट निळी किनार येते. बाहेर मोठ्या कंपनीचा संचालक असलेला माणूस आणि बसचा ड्रायव्हर इथे एकाच किनारीचा एप्रन बांधून बसतात. किंबहुना ड्रायव्हर आधी सभासद झाला असेल तर प्रमुखाच्या खुर्चीवर तो आणि दाराशी संचालक, असंही होतं. पाणसळीचा अर्थ इथे हाच सांगतात: सगळे एका पातळीवर.

खोलीच्या मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी किंवा गालिचा. पूर्वेला लॉजचा प्रमुख, वर्शिपफुल मास्टर. पश्चिमेला सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन, हे त्याचे दोन सहायक. खोली प्रत्यक्षात कुठल्याही दिशेला तोंड करून असली तरी मास्टर बसतो ती पूर्व. एका चौथऱ्यावर धर्मग्रंथ उघडून ठेवलेला, त्यावर गुण्या आणि कंपास. सभासद अनेक धर्मांचे असतील तिथे अनेक ग्रंथ शेजारी शेजारी मांडतात, आणि शपथ घेणारा आपापल्या ग्रंथावर हात ठेवतो. इंग्लिश परंपरेतल्या लॉजेसमध्ये परमेश्वरावर किंवा एखाद्या सर्वोच्च शक्तीवर श्रद्धा असणं ही प्रवेशाची अट आहे. ती शक्ती कोणती, हे कोणी विचारत नाही. ग्रँड ओरिएंट या फ्रान्समधल्या ग्रँड लॉजसारख्या संस्थेने १८७७ मध्ये ही अटच काढून टाकली आणि इंग्लंडशी त्यांचं जे बिनसलं ते आजतागायत.

दार बंद होतं. बाहेर टायलर, हातात उपसलेली तलवार. आत दाराशी इनर गार्ड. कोणी उशिरा आलं की दारावरच्या ठरावीक टकटकीवरून आतल्यांना कळतं. मग मास्टर एकेका अधिकाऱ्याला त्याची जागा आणि त्याचं काम विचारतो. ज्याला वीस वर्षं ते काम माहीत आहे तोही दर वेळी तेच उत्तर त्याच शब्दांत देतो. बाहेरून बघणाऱ्याला हे हास्यास्पद वाटू शकतं. पण पाचदहा मिनिटांच्या या प्रश्नोत्तरांत ऑफिसमधून धावत आलेल्या माणसांचा श्वास खाली बसतो, खिशातले फोन विसरले जातात, आणि आता कोणी मध्येच तोंड घालणार नाही हे आपोआप ठरून जातं.

त्यानंतर इतिवृत्त, हिशेब, मतदान. मतदान अजूनही जुन्या पेटीनेच होतं. प्रत्येक जण एक छोटी गोळी मुठीत घेतो, पेटीच्या तोंडात हात घालतो आणि आतल्या आत 'हो'च्या किंवा 'नाही'च्या बाजूला ती सोडतो. बाहेरून हात सगळ्यांचा सारखाच दिसतो. कुठे पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या असतात, तर अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी काळ्या गोळीऐवजी काळा चौकोनी ठोकळा, म्हणजे अंधुक उजेडात बोटांना चूक होऊ नये. इंग्लंडच्या नियमांत तीन काळ्या गोळ्या पडल्या की अर्ज फेटाळला जातो, आणि एखादं लॉज पोटनियमाने ही मर्यादा एकावरही आणू शकतं. कारण कोणी द्यायचं नाही, विचारायचंही नाही. ही पद्धत मला दुधारी वाटते. नको तो माणूस शांतपणे बाहेर राहतो हे खरं, पण कोणाचा तरी जुना आकसही त्याच शांततेत काम उरकून जातो. म्हणून शहाणं लॉज अर्जदाराबद्दलच्या शंका आधी समितीत बोलून घेतं आणि पेटीवर वेळ आणत नाही.

एका माणसाचा पहिला दिवस

संध्याकाळचा मुख्य भाग म्हणजे कोणाला तरी पायरी देण्याचा विधी. पायऱ्या तीन: एंटर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. म्हणजे शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. पहिल्या पायरीच्या विधीबद्दल बाहेर जेवढी थट्टा होते ती सगळी खरी आहे. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी असते, एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छातीची एक बाजू उघडी, एका पायात सपाता, गळ्यात दोराचा फास. हे सगळं छापील पुस्तकांत आहे. फोटोंतही आहे.

थट्टेत जे राहून जातं ते पुढचं. आत येण्याआधी त्याच्या अंगावरच्या धातूच्या वस्तू आणि खिशातले पैसे काढून घेतलेले असतात. शपथ होते, पट्टी सुटते, हात मिळवले जातात. मग त्याला खोलीच्या ईशान्य कोपऱ्यात उभं करतात, कारण इमारतीचा पहिला दगड परंपरेने ईशान्येला बसवतात. तिथे त्याच्यासमोर एक ताट धरलं जातं आणि सगळ्यांदेखत विचारलं जातं, की गरजूंसाठी काही देशील का? तो नकळत खिसे चाचपतो. खिशात काही नसतं. द्यायची इच्छा आहे का, असं पुन्हा विचारतात. आहे, पण माझ्याकडे काही नाही, हे त्याला तोंडाने म्हणावं लागतं. तेव्हा त्याला सांगतात, की ही तुझी परीक्षाही नव्हती आणि चेष्टाही नव्हती. पुढे कधी अडचणीतला माणूस तुझ्याकडे आला तर तू रिकाम्या हाताने उभा होतास तो क्षण आठव.

माझ्या मते पूर्ण विधीत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. दानधर्मावरचं भाषण कोणीही ठोकेल. सुटाबुटातल्या माणसाला दोन मिनिटं सर्वांसमोर कफल्लक करून सोडणं ही वेगळीच शिकवण, आणि ती अठराव्या शतकातल्या माणसांना सुचली.

नंतर हत्यारांची ओळख होते. चोवीस इंची मोजपट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास: थोडे प्रार्थनेला, थोडे कामाला आणि विश्रांतीला, थोडे अडलेल्या मित्राच्या मदतीला. मात्र ती मदत स्वतःचं आणि आपल्या माणसांचं नुकसान न करता करायची, असं स्पष्ट बजावलेलं असतं. हातोडा म्हणजे सदसद्विवेक. खोलीत दोन दगड ठेवलेले असतात, एक खाणीतून काढलेला ओबडधोबड आणि एक सहा बाजूंनी घडवलेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे ज्यांना लहानपणापासून ऐकवलं गेलंय त्यांना या दोन दगडांचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता यातली खरी मेहनत. हे सगळं पाठ म्हणायचं असतं. मास्टरचा भाग तर पानंच्या पानं, आणि तेही जुनाट वळणाच्या भाषेत. मास्टरच्या शेजारी आदल्या वर्षीचा मास्टर पुस्तक उघडून बसतो. कोणी अडखळलं तर शब्द त्यानेच पुरवायचा. बाकी सगळ्यांना उत्तर येत असतं आणि सगळ्यांनी गप्प राहायचं असतं, जे बऱ्याच जणांना जमत नाही. लंडनमध्ये 'इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट' नावाचं तालमीचं लॉज १८२३ पासून चालू आहे. एकाही शब्दाची दुरुस्ती न करून घेता तिथे अख्खा विधी म्हणून दाखवणाऱ्याला चांदीची काड्यापेटी मिळते. साध्या लॉजमध्ये इतकी कडक शिस्त नसते. घाम फुटलेला मास्टर, ओठांवर आलेला आणि परत गेलेला शब्द, आणि बाकावरून कोणीतरी केलेली ओझरती खूण, असंच जास्त वेळा असतं. पण त्यामुळेच रविवारी सकाळी एका माणसाच्या घरी तिघं जमून एकमेकांची उजळणी घेतात. त्यांतला एक सत्तरीचा, एक पंचविशीचा. दुसऱ्या कुठल्या निमित्ताने हे दोघे दर रविवारी समोरासमोर बसले असते, असं मला वाटत नाही.

विधी संपला की सेक्रेटरी आणि सभासद तीन फेऱ्यांत निवेदनं करतात. इंग्लिश पद्धतीत पहिल्या फेरीत ग्रँड लॉजचा पत्रव्यवहार, दुसरीत प्रांतिक ग्रँड लॉजचा, तिसरीत आपला. कोण इस्पितळात आहे, कोणाच्या घरी नातू झाला, कोणी गैरहजेरीची माफी मागितली आहे, हे तिसऱ्या फेरीत येतं. दानाची पिशवी फिरते. मग उघडलं होतं त्याच्या उलट क्रमाने लॉज बंद होतं.

जेवणाची मेज

काही सभासद जेवणापुरतेच येतात असं थट्टेने म्हटलं जातं, आणि प्रत्येक लॉजमध्ये असा एक तरी असतो. इंग्लिश परंपरेत या जेवणाला 'फेस्टिव्ह बोर्ड' म्हणतात. अमेरिकेत बरेचदा सभेच्या आधीच जेवण उरकतात.

इथेही शिस्त आहे, पण हसतमुख. मास्टर टेबलावर लाकडी हातोडी आपटतो, टोस्टमागून टोस्ट होतात, म्हणजे कोणाच्या तरी नावाने पेले उंचावतात: राष्ट्रप्रमुखासाठी, ग्रँड लॉजच्या प्रमुखासाठी म्हणजे ग्रँड मास्टरसाठी, पाहुण्यांसाठी, आणि त्या दिवशी नवा सभासद झाला असेल तर त्याच्यासाठी. पेल्यात दारूच हवी असं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच लॉजेसच्या इमारतीत ती चालतच नाही, सरबतावर भागतं. टोस्टसाठीचे खास पेले मात्र बघण्यासारखे असतात, बुटके आणि बोटभर जाड बुडाचे. टोस्ट झाला की सगळे एका तालात ते टेबलावर आपटतात. चाळीस पेले एकदम आपटले की बंदुकांची फैर झडल्यासारखा आवाज होतो, म्हणून या प्रकाराला 'फायर' म्हणतात. साध्या काचेचा पेला एका रात्रीत फुटेल. आता अनेक ठिकाणी टाळ्यांवरच काम भागवतात.

काही लॉजेस रात्री नऊच्या ठोक्याला थांबतात आणि गैरहजर बंधूंसाठी पेला उचलतात. नऊला घड्याळाचे काटे बरोबर काटकोनात, म्हणजे गुण्यासारखे दिसतात, असं त्याचं कारण सांगतात. शेवटचा टोस्ट टायलरचा. जगात जमिनीवर वा समुद्रावर कुठेही हलाखीत असलेल्या मेसनांना लवकर दिलासा मिळो, आणि हवं असेल तर सुखरूप घरी परतणं लाभो, असा त्याचा आशय. त्यानंतर कोणी बोलत नाही. खुर्च्या सरकवल्याचा आवाज आणि कोट शोधण्याची गडबड.

मेजेवरच्या गप्पांत दोन विषय वर्ज्य असतात, धर्म आणि राजकारण. १७२३ च्या नियमांतच ही बंदी आली. इंग्लंड तेव्हा धर्मयुद्ध, राजाचा शिरच्छेद, बंड यांतून नुकतंच बाहेर पडलेलं होतं, आणि विरुद्ध बाजूंची माणसं एका टेबलावर बसवायची तर या दोन विषयांना दाराबाहेर ठेवणं भागच होतं. आजच्या सभासदांना हा नियम कधीकधी जाचक वाटतो, पण मला तो लॉजचा सगळ्यात आधुनिक भाग वाटतो. समोरच्याने मत कोणाला दिलं हे वीस वर्षं ठाऊक नसताना त्याच्याशी जवळीक राहिलेली, ही गोष्ट हल्ली दुर्मीळ आहे. दोघांचं भांडण झालं असेल तर एप्रन बांधण्याआधी ते बाहेर मिटवावं, नाहीतर त्या दिवशी आत येऊ नये, अशीही जुनी रीत आहे. ती नेहमी पाळली जाते असं नाही. लॉजमध्ये गट पडतात, खुर्चीवरून नाराजी होते, जेवणाच्या दरावरून तर फारच.

मधले दिवस

सभेच्या मध्ये जे चालतं ते फोटोत येत नाही, पण सभासदांना लॉजबद्दल विचारा, ते याबद्दल जास्त बोलतात. यातलं मुख्य पात्र आल्मनर. हा लॉजचा ख्यालीखुशाली ठेवणारा अधिकारी. कोण आजारी, कोणाची नोकरी गेली, कोणाची बायको गेल्यावर तो एकटा पडला, हे त्याला माहीत असायला हवं. तो फोन करतो, इस्पितळात जाऊन बसतो, गरज वाटली तर मदतीचा अर्ज भरायला बसतो, कारण अनेक अभिमानी माणसं स्वतःहून मागत नाहीत. सभासद वारला तरी त्याच्या विधवेकडे आल्मनरचं जाणं सुटत नाही. काही जणींना नवऱ्याच्या मृत्यूनंतर पंधरा पंधरा वर्षं सणाच्या आधी लॉजकडून फोन येत राहतो. चांगला आल्मनर मिळालेलं लॉज आणि नावापुरता आल्मनर असलेलं लॉज यांतला फरक बाहेरच्यालाही वर्षभरात कळेल.

मोठ्या दानाची कामंही आहेत. इंग्लंडमध्ये गरजू मेसनांच्या मुलींसाठीची शाळा १७८८ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतल्या मेसनांच्या 'श्राइनर' शाखेने १९२२ मध्ये मुलांचं पहिलं इस्पितळ काढलं, आज त्यांची साखळी आहे. ही कामं थोर खरीच. लॉजच्या पातळीवर मात्र दान म्हणजे बहुधा राफलची (सोडतीची) तिकिटं, रक्तदानाची यादी आणि एखाद्या शाळेला दिलेला धनादेश.

याशिवाय गाठीभेटी. एका लॉजचा सभासद दुसऱ्या लॉजमध्ये पाहुणा म्हणून जाऊ शकतो, परदेशातसुद्धा. ओळखीचा कोणी ग्वाही द्यायला नसेल तर तो आपलं प्रमाणपत्र दाखवतो आणि दाराशी काही प्रश्नांची उत्तरं देतो. हात मिळवण्याची पद्धत, शब्द, खुणा हे सगळं मुळात या दाराशीच्या ओळख-परेडीसाठी आहे. सभासद जे गुप्त ठेवायची शपथ घेतात ते प्रामुख्याने एवढंच. बाकी विधी ग्रंथालयात वाचायला मिळतो. शपथेतल्या गळा कापण्याच्या वगैरे भयंकर शिक्षा, ज्या कधीच कोणाला दिल्या जाणार नव्हत्या, त्या इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतून काढल्या. उशीरच केला म्हणायचा. एवढ्या काळात त्या वाक्यांनी संस्थेची जेवढी बदनामी केली तेवढी शत्रूंनाही जमली नसती.

अधिकाराची शिडी हा आणखी एक मासला. नवा माणूस आधी स्ट्युअर्ड होतो, म्हणजे जेवणाच्या वेळी वाढपी. पुढे इनर गार्ड, मग डीकन (मास्टरचा निरोप्या), मग दोन्ही वॉर्डन, आणि साताठ वर्षांनी मास्टर. मास्टरची खुर्ची साधारण वर्षभराची. ते वर्ष संपलं की तो माजी मास्टर, आणि काही वर्षांनी बरेचदा टायलर. ज्याने पूर्वेच्या खुर्चीवरून लॉज चालवलं तोच म्हातारपणी दाराबाहेर तलवार घेऊन एकटा बसतो, आतली वाक्यं त्याला पाठ असतात आणि दारातून ती अर्धवट ऐकू येतात. कोणत्याही संस्थेत पद सोडलेल्या अध्यक्षांचं काय करायचं हा कायमचा प्रश्न असतो. लॉजने तो असा सोडवला आहे.

हरकती

टीका बरीच आहे आणि सगळीच बिनबुडाची नाही. कॅथलिक चर्चने १७३८ पासून मेसनरीला विरोध केला आहे, आणि तो आजही कायम आहे. व्हॅटिकनने २०२३ मध्येही तो पुन्हा बजावला. एका सभासदाने दुसऱ्याची नोकरीत, पोलिसांत, कंत्राटात सोय पाहिल्याचे आरोप अनेक देशांत झाले. नियम तसं करायला स्पष्ट मनाई करतो. पण दर महिन्याला एकत्र जेवणारी माणसं एकमेकांना झुकतं माप देत नाहीत असं कोणीही छातीठोकपणे सांगू नये, हे रोटरीपासून शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळापर्यंत सगळ्यांना लागू आहे.

बायकांचा प्रश्न त्याहून ठसठशीत. मुख्य धारेतली लॉजेस फक्त पुरुषांची आहेत. फ्रान्समध्ये १८९३ पासून स्त्री-पुरुषांची संयुक्त मेसनरी आहे आणि इंग्लंडमध्ये १९०८ पासून निघालेली, पुढे फक्त स्त्रियांची झालेली संस्था आहे, तेच एप्रन, तेच विधी. इंग्लंडमधल्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या संस्थांचे संबंध शेजाऱ्यासारखे, पण एकमेकांच्या सभेला जायचं नाही. अमेरिकेत काळ्यांसाठी दार बंद होतं तेव्हा प्रिन्स हॉल या मुक्त कृष्णवर्णीयाने १७८४ मध्ये इंग्लंडहून परवाना मिळवला. त्यातून निघालेली लॉजेस आजही आहेत, आणि गोऱ्या ग्रँड लॉजेसनी त्यांना मान्यता द्यायला दोनशे वर्षं लावली, तीही सगळ्यांनी एकदम नाही. पाणसळीचा धडा देणाऱ्यांच्या हिशेबात ही बाजू मांडायलाच हवी.

आणि वय. अनेक लॉजेसमध्ये बाकांवर पांढरे केस जास्त दिसतात. पाठांतर, सूट, महिन्यातली संध्याकाळ, वर्गणी, एप्रनचा खर्च, जेवणाचा खर्च. तिशीतल्या माणसाला हा हिशेब जड जातो. लॉजेस बंद पडतात, दोन मिळून एक होतात, क्रमांक इतिहासात जमा होतात.

कोणाला जायचंच असेल तर वाट सरळ आहे. स्वतःहून विचारायचं. पूर्वी तर सभासदाने कोणाला आमंत्रण देणं कमीपणाचं मानलं जायचं. दोन सभासद सूचक आणि अनुमोदक होतात, समिती मुलाखत घेते, मग ती गोळ्यांची पेटी. मुलाखतीत देवावर श्रद्धा आहे का हे विचारतात, गुन्ह्याची शिक्षा झाली आहे का हे विचारतात, आणि यातून काही फायदा मिळेल या आशेने आला आहात का हेही. अनेक लॉजेस अर्जदाराच्या घरी जाऊन बोलतात आणि बायकोची हरकत नाही ना, हे तिच्याच तोंडून ऐकतात. वर्गणी किती, महिन्यातल्या किती संध्याकाळी जाणार, रात्री परतायला किती वाजणार, हे त्याच वेळी दोघांनी मिळून विचारून घ्यावं. तिची हरकत दिसली तर समिती बहुधा अर्ज पुढे सरकवत नाही.